मोडकी गाडी आणि दिलेला शब्द

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे व कुलपे न लावण्याच्या परंपरेमुळे देशभर ओळखले जाते. २०११ साली युको बँकेने या गावात शाखा उघडली, तेव्हा गावाच्या श्रद्धेचा मान राखून तिलाही कुलूप न लावण्याचा निर्णय घेतला. विश्वासावर व्यवहार चालू शकतो, या धारणेचे हे टोकाचे उदाहरण म्हणावे लागेल. व्यापारी जगात याच धारणेवर उभा असलेला आणखी एक व्यवहार आहे, तो म्हणजे विमा. कायद्याच्या परिभाषेत विमा हा परम सद्भावाचा करार मानला जातो. विमा उतरविणाऱ्याने काही दडवू नये आणि विमा कंपनीने संकटसमयी शब्द फिरवू नये, अशी त्यात उभयपक्षी अपेक्षा असते. प्रत्यक्षात हा सद्भाव बहुधा एकाच बाजूकडून मागितला जातो. जुन्या मोटारगाडीला अपघात झाला आणि ती ‘संपूर्ण नुकसान’ या सदरात गेली, की याचा प्रत्यय हमखास येतो.

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग घोडेगाव, नेवासा फाटा, प्रवरासंगम असा नेवासा तालुक्यातून जातो. शिर्डी आणि शिंगणापूरच्या भाविकांची वाहने, मालमोटारी आणि गळीत हंगामात भेंडे व सोनईच्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, अशी सारी वर्दळ या परिसरातील रस्त्यांवर असते. येथील मध्यमवर्गीय कुटुंबाची दहा-अकरा वर्षांची छोटी मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. वडिलांना तपासणीसाठी नगरला न्यायचे, मुलीला परीक्षा केंद्रावर पोहोचवायचे, रात्री-अपरात्री शेजारच्या बाळंतिणीला दवाखान्यात हलवायचे, ही सारी कामे तीच गाडी करते. बाजारात तिला फारशी किंमत नसेल. घरात मात्र तिची जागा भरून काढणे कठीण असते.

समजा, अशी एक गाडी नेवासा फाट्याजवळ उभ्या ट्रॉलीवर आदळली. माणसे दैवयोगाने बचावली. गाडीचा विमा दोन लाख रुपयांचा आहे. गाडी ओढून शहरातील गॅरेजमध्ये नेली जाते, सर्वेक्षक येऊन छायाचित्रे काढतो आणि काही दिवसांनी दूरध्वनी येतो, “गाडी जुनी आहे. आज बाजारात तिचे सव्वा लाखसुद्धा येणार नाहीत. तेवढे घ्या आणि विषय मिटवा.” दरम्यान गॅरेजवाला गाडी ठेवण्याचे दिवसागणिक भाडे सांगू लागतो. गाडीवाचून घरातील कामे अडलेली असतात. अशा वेळी गृहस्थ सही करून मोकळा होतो. हा प्रसंग प्रातिनिधिक आहे. पण ज्या घरावर असा प्रसंग आला आहे, त्याला यात काहीच नवे वाटणार नाही.

येथे मूळ प्रश्न असा की, गाडीची किंमत ठरते कधी? अपघातानंतर की विमा उतरविताना? २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकाने याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. विमा व्यवहारात ज्याला ‘आयडीव्ही’ म्हणतात, ते घोषित विमामूल्य पॉलिसीच्या आरंभी निश्चित केले जाते. गाडी संपूर्ण नष्ट झाल्यास हेच मूल्य पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत तिची बाजारातील किंमत मानावयाचे असते. त्यात पुन्हा घसारा धरावयाचा नसतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे विमादर २००७ च्या जानेवारीपासून खुले झाले, तरी पॉलिसीतील हे तत्त्व टिकून राहिले. मग ज्या दोन लाखांवर कंपनीने हप्ता घेतला, ती रक्कम अपघातानंतर सव्वा लाखावर कशी येते?

सर्वोच्च न्यायालयासमोर धर्मेंद्र गोयल यांच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न आला होता. विमा साडेतीन लाखांच्या घरातला होता. २००२ साली अपघातात गाडी नष्ट झाली आणि कंपनी सर्वेक्षकाच्या अहवालावर बोट ठेवून जेमतेम निम्म्या रकमेवर आली. २००८ साली निकाल देताना न्यायालयाने कंपन्यांच्या या प्रवृत्तीवर कठोर ताशेरे ओढले. वरचढ स्थितीचा लाभ घेऊन, हप्ता घेताना स्वीकारलेले मूल्य भरपाईच्या वेळी नाकारायचे आणि ‘घ्यायचे तर घ्या’ असे वागायचे, हे कायद्याला धरून नाही आणि नीतीलाही धरून नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. व्यापारी वादात सर्वोच्च न्यायालयाला नीतीची आठवण करून द्यावी लागावी, यातच या प्रश्नाचे गांभीर्य दिसून येते. पुढच्याच वर्षी, २००९ साली, दुसऱ्या एका विमा प्रकरणात सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

जुन्या गाडीच्या बाबतीत खरी मेख पाच वर्षांनंतर सुरू होते. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी घसाऱ्याचे कोष्टक आहे. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, तेथून वाढत वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. त्यापुढे मात्र कोष्टक संपते आणि मूल्य ‘परस्पर संमतीने’ ठरवावे, असा नियम लागू होतो. नेवाशातील शिक्षक किंवा दुकानदार आणि महानगरातील विमा कंपनी यांच्यात ही परस्पर संमती होते तरी कशी? संगणकाने एक आकडा दाखवायचा, प्रतिनिधीने ‘हप्ता कमी बसतो’ म्हणून तो आणखी खाली आणायचा आणि ग्राहकाने सही करायची. चार-पाचशे रुपयांची बचत झाल्याचा आनंद वर्षभर टिकतो. अपघात झाला की त्याच बचतीपायी चाळीस-पन्नास हजारांचे नुकसान पदरी पडते. म्हणूनच गाडीच्या भरपाईचा अर्धा निकाल नूतनीकरणाच्या दिवशीच लागलेला असतो, हे प्रत्येक वाहनधारकाने ध्यानी घ्यावयास हवे.

दुसरी मेख पंचाहत्तर टक्क्यांच्या कलमात आहे. गाडी ओढून आणण्याचा व दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, घोषित मूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास गाडी संपूर्ण नष्ट झाली असे मानले जाते. वाचताना हे सरळ वाटते. पण ‘अटींच्या अधीन’ या दोन शब्दांत घसारा दडलेला आहे. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर पन्नास टक्के घसारा वजा होतो. रबर व प्लॅस्टिकवर तर तो कोणत्याही वयाच्या गाडीला पन्नास टक्केच असतो. उदाहरणार्थ, दोन लाखांच्या गाडीला दुरुस्तीचा अंदाज दोन लाख तीस हजारांचा आला. त्यात सुटे भाग एक लाख ऐंशी हजारांचे आणि मजुरी पन्नास हजारांची. भागांवर निम्मा घसारा गेला की कंपनीचे दायित्व एक लाख चाळीस हजार उरते. पंचाहत्तर टक्के म्हणजे दीड लाख. तेव्हा गाडी ‘संपूर्ण नष्ट’ ठरत नाही! दुरुस्तीचे बिल गाडीच्या विम्याहून मोठे, आणि नव्वद हजार मालकाने खिशातून घालायचे. हा हिशेब सर्वेक्षकाकडून लेखी व तपशीलवार मागणे, हाच त्यावरचा पहिला उपाय आहे.

तिसरा विषय मोडक्या सांगाड्याचा. संपूर्ण नुकसानीच्या दाव्यात सांगाडा कंपनीने घेऊन पूर्ण मूल्य द्यावे किंवा सांगाडा मालकाकडे ठेवून त्याची किंमत वजा करून द्यावी, असे दोन मार्ग असतात. सांगाड्याची किंमत फुगविली की मालकाच्या हाती पडणारी रक्कम तेवढीच घटते. म्हणून ती किंमत कोणत्या बोलीवरून धरली, हे विचारलेच पाहिजे. त्याहून गंभीर गोष्ट नोंदणी पुस्तकाची. भंगार घेणारा पुष्कळदा गाडीपेक्षा तिच्या कागदांवर डोळा ठेवून असतो. नष्ट झालेल्या गाडीचा चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर चढविण्याचे प्रकार पोलिसांनी अनेकदा उघडकीस आणले आहेत. सांगाडा दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आला आणि त्याने कोणाचा बळी घेतला, तर कागदावर मालक कोण? २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी विकलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच भरपाईस जबाबदार. तेव्हा सांगाडा देताना एक तर नोंदणी रीतसर हस्तांतरित झाली पाहिजे किंवा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार ती रद्द करून घेतली पाहिजे. गाडी नष्ट झाल्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला चौदा दिवसांत देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे.

अर्थात, सारा दोष कंपन्यांच्या माथी मारून चालणार नाही. खोटे अपघात दाखविणारे, आधीच मोडलेल्या गाडीचा विमा उतरवू पाहणारे महाभाग समाजात आहेत आणि त्यांच्या पापाचा भार प्रामाणिक विमाधारकांच्या हप्त्यावर पडतो. खाजगी क्रमांकाच्या गाडीतून शिर्डी-शिंगणापूरचे भाविक भाड्याने न्यायचे आणि अपघात झाल्यावर ‘पाहुणे होते’ असे सांगायचे, हा सद्भाव नव्हे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही आणि असा दावा नाकारला गेल्यास दोष देणार कोणाला? जुनी गाडी विकत घेतली, पण विमा आधीच्याच मालकाच्या नावावर ठेवला. गॅसचे किट बसविले, पण त्याची नोंद पॉलिसीत केली नाही. या सामान्य वाटणाऱ्या हलगर्जीपणानेही रास्त दावे बुडतात. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्यास फार कष्ट पडत नाहीत.

परंतु ज्याने आपली बाजू स्वच्छ ठेवली आहे, त्याने हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या निर्देशांनुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून चोवीस तासांत सर्वेक्षक नेमला जावा, त्याने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीने निर्णय घ्यावा, अशी मुदत घालून दिलेली आहे. अहवालाची प्रत लेखी मागावी. दूरध्वनीवरील बोलण्याला दूरध्वनीवर उत्तर न देता पत्राने किंवा ई-मेलने द्यावे. ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या पावतीवर घाईने सही करू नये. दबावाखाली घेतलेली अशी सही दावा कायमचा संपवीत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगितले आहे. तरी तो दबाव सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावरच येते.

कंपनीच्या तक्रार विभागाने महिनाभरात समाधान केले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर विमा लोकपालाकडे जाता येते. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तेथे मुदत दोन वर्षांची असून, २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय दिली आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, ते एकटा ग्राहक दुबळा असतो हे ओळखूनच. तालुक्याच्या गावी विमापत्र वाचून समजावून सांगणारे आणि तक्रारीचा अर्ज लिहून देणारे दोन-चार जाणकार कार्यकर्ते असले, तर कित्येक कुटुंबे असहायपणे सही करण्यापासून वाचतील. हे काम पैशाचे कमी आणि वेळ देण्याचे अधिक आहे.

शासन व नियामक यांच्याकडूनही अपेक्षा आहेत. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या मूल्यासाठी मार्गदर्शक कोष्टक प्रसिद्ध व्हावे. घोषित मूल्य आणि त्याचा अर्थ पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ठळक मराठीत छापला जावा. संपूर्ण नष्ट ठरलेल्या गाडीची नोंदणी बंद करण्याची जबाबदारी, दावा मिटविणाऱ्या कंपनीवरही टाकली जावी. या मागण्यांत कोणाचे नुकसान नाही. प्रामाणिक कंपनीला तर त्यांचा लाभच होईल.

विमा कंपनी विकते तरी काय? गाडी तिची नसते, गॅरेजही तिचे नसते. ती विकते केवळ एक शब्द, संकटात पाठीशी उभे राहण्याचा. ज्या तालुक्यात बँकेनेही शाखा उघडताना कुलपाचा आग्रह धरला नाही, तेथील माणसाने विश्वासाने दरवर्षी हप्ता भरावा आणि गाडी मोडताच त्याला दिलेला शब्दही मोडीत निघावा, हे खचितच शोभणारे नाही. जुन्या गाडीची किंमत वर्षागणिक घटते, हा हिशेबाचा नियम झाला. दिलेल्या शब्दाला मात्र घसारा लावता येत नाही.