बसा हो तुम्ही

बाबा बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, त्या संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन घरी आले. ३१ वर्षं घड्याळाच्या काट्यावर ड्युटी केलेल्या माणसाला निरोपाला घड्याळच का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आईने ओवाळलं. बाबांनी चपला काढल्या आणि पाणी प्यायला माठाकडे वळले, तेवढ्यात माझी बायको लगबगीने पुढे झाली. "तुम्ही बसा हो बाबा. आता तुम्ही फक्त बसायचं."

ते बसले. पुढची तीन वर्षं आम्ही त्यांना फारसं उठू दिलं नाही.

त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आपल्याकडे मान द्यायचा म्हणजे बसवायचं. पाहुणा दारात आला की पहिला शब्द 'बसा'. व्याह्यांना बसवतात, अध्यक्षांना बसवतात, आणि घरातलं कर्तं माणूस थकलं की सगळे मिळून त्याला बसवतात. पेपर खुर्चीत, चहा खुर्चीत, रिमोट हातात. बाबा दूध आणायला निघाले तर मी ॲपवरून दूध मागवायचो. पंख्याचं बटण बंद करायला उठले तर नातू धावायचा, आणि त्या धावण्याचं आम्ही कौतुक करायचो.

त्याच वर्षी आम्ही चाळ सोडून टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर आलो. चाळीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ५२ पायऱ्या, दिवसातून चार-पाच वेळा. संडास गॅलरीच्या टोकाला, पाणी पहाटे भरायचं, जेवण पाटावर, झोप चटईवर. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. पावसाळ्यात गॅलरीच्या टोकापर्यंत छत्री धरून जायचे दिवस मला परत नकोत. पण हिशेब मांडायचा तर असा, की बाबांची नोकरी आणि बाबांचा जिना एकाच वर्षी गेला. फंडाचा, ग्रॅच्युइटीचा हिशेब आम्ही तीन-तीनदा तपासला. हा हिशेब करायचं कुणाला सुचलं नाही.

कंडक्टर लोकांच्या पायांची नोंद एका माणसाने घेतली होती, पण ती लंडनमध्ये. जेरी मॉरिस हे त्या डॉक्टरांचं नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार इतका का वाढतोय, हे कुणालाच नीट कळत नव्हतं. मॉरिस यांनी १९४९-५० या काळात लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती गोळा केली. बस एकच, धूर एकच, डेपो एकच. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीतला नव्वद टक्के वेळ बसून असायचा आणि कंडक्टर डबलडेकरच्या जिन्यावरून दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. कंडक्टर मंडळींना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, तेव्हा व्यायामाचा हृदयाशी संबंध असतो हे डॉक्टरांनाही सहजी पटत नव्हतं.

मॉरिस स्वतः संशयी माणूस. मुळात जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून त्यांनी गणवेशाच्या पँटींची मापं मागवली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या. पण सारख्याच कमरेचा ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी ठेवून पाहिलं, तरी पारडं कंडक्टरकडेच झुकलं. शिंप्याच्या टेपाचा इतका चांगला उपयोग विज्ञानात क्वचितच कुणी केला असेल. मॉरिस पुढे स्वतःही पळायला लागले आणि २००९ साली, ९९ व्या वर्षी गेले.

मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या डबलडेकरला दोन कंडक्टर असायचे. वरचा वर, खालचा खाली. तुझ्या त्या लंडनवाल्यांनी एका माणसाकडून दोघांचं काम करून घेतलं, आणि वर म्हणे त्याचीच तब्येत सुधारली." युनियनमध्ये वाढलेला माणूस. त्यांच्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा त्याच नोकरीने दिलेल्या आहेत, हेही त्यांनी मला पँट वर करून दाखवलं.

त्यांचं म्हणणं मोडीत काढण्यासारखं नाही. दिवसभर ताटकळणं, ओझी उचलणं, मनात येईल तेव्हा टेकता न येणं, हा व्यायाम नसतो. मोकळ्या वेळातल्या चालण्याने जो फायदा होतो तो अशा कष्टांनी होत नाही, उलट नुकसानच होतं, असं डेन्मार्कमधले संशोधक आंद्रेआस होल्टरमान गेली अनेक वर्षं मांडत आहेत. त्यामुळे निवृत्ती म्हणजे आजारपणाची सुरुवात, हे आपल्या कट्ट्यांवरचं लाडकं वाक्य मला पटत नाही. फ्रान्सच्या वीज आणि गॅस कंपनीतल्या जवळपास १५ हजार कर्मचाऱ्यांकडे निवृत्तीच्या आधी आणि नंतर अनेक वर्षं पाहिलं गेलं. 'माझी तब्येत बरी नाही' असं सांगणारे निवृत्तीच्या आदल्या वर्षी १९ टक्के होते, नंतरच्या वर्षी १४. जणू आठ-दहा वर्षांनी वय उतरलं. ज्यांची नोकरी जास्त जाचक, त्यांना जास्त आराम. उलट ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात निवृत्तीनंतर शब्द लक्षात ठेवण्याची ताकद आधीपेक्षा वेगाने घसरताना दिसली. म्हणजे डोक्यावरचा भार उतरतो, पण डोक्याला रोज जे खाद्य मिळायचं तेही बंद होतं.

बाबांच्या बाबतीत दोन्ही झालं. पहिले सहा महिने ते खरंच टवटवीत दिसायचे. पहाटे चारचा गजर नाही, सुट्ट्या पैशांवरून भांडण नाही, वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबात, दोन रुपये कमी पडले म्हणून खिशातून भरणं नाही. मग हळूहळू टीव्हीचा आवाज वाढला आणि बोलणं कमी झालं. रोज शेकडो माणसांशी "पुढे चला" एवढं तरी बोलणारा माणूस, त्याला आता दिवसाकाठी पाच जण भेटत होते आणि पाचही जण सांगत होते, बसा.

तिसऱ्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. दहा दिवस ते अंथरुणात होते. आम्ही त्यांना बाथरूमपर्यंतही जाऊ दिलं नाही, सगळं पलंगावर. ताप उतरला, प्लेटलेट्स वर आल्या, आम्ही पेढे वाटले. आणि अकराव्या दिवशी बाबा कमोडवरून उठू शकले नाहीत.

मला वाटलं, लकवा. निघालं ते फार साधं: पायांत ताकदच उरली नव्हती. धडधाकट ज्येष्ठांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणात ठेवून अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, २००७ साली तो प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो मांस झडलं होतं. ती माणसं आजारी नव्हती, नुसती पडून होती. बाबा तर आजारी होते, आणि तीन वर्षं बसून होते. मांडीत शिल्लक ती काय असणार?

फिजिओथेरपीला आलेली मुलगी असेल पंचविशीची. तिने आल्या आल्या सांगितलं, "आजोबा, हात न टेकता खुर्चीतून उठा बरं." बाबांनी दोन-तीनदा झोके घेतले. उठता आलं नाही. आईने तोंड फिरवलं. मुलगी म्हणाली, उद्या उठाल, नाही तर परवा, आणि खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. उंचावरून उठणं सोपं जातं. आठवड्याने एक उशी काढली, पंधरवड्याने दुसरी. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. बाबा मोजायचे, चुकून नऊच झाले तर वेबिल तपासल्यासारखे परत मोजायचे. रात्रीची नुसती दूध-पोळी बंद झाली, अंडं आणि घट्ट वरण आलं. मांस विटांशिवाय बांधलं जात नाही, असं त्या मुलीचं म्हणणं.

एवढ्या वयात स्नायू परत येतात का, हा प्रश्न मी तिला हळूच दाराबाहेर विचारला होता. नंतर वाचलं. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. दोघांनी हातातली काठी सोडली.

या सगळ्यात आई कुठे होती? आई विळीवर होती. ती बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, पण तिला कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही, त्यामुळे निवृत्त व्हायचं असतं हे तिला ठाऊकच नाही. टॉवरमध्ये ओटा आहे, टेबल आहे, तरी ती भाजी जमिनीवर बसूनच चिरते आणि निवडून झालं की हात न टेकता उठते. ब्राझीलच्या क्लाउडिओ अराउजो या डॉक्टरांनी याचीच परीक्षा केलीय. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, दहा गुण. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण वजा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना त्यांनी असं बसवलं-उठवलं, आणि पुढची काही वर्षं पाहिलं. कमी गुणवाल्यांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. मी आईची परीक्षा घेतली. पूर्ण दहा. "हे काय खूळ?" म्हणाली आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकायला निघून गेली. मग मी स्वतः बसून पाहिलं. माझे गुण मी इथे छापणार नाही.

आईचं उदाहरण देऊन मी लेख गोड करू शकलो असतो. पण आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशीही साठीच्या आहेत. त्या आईपेक्षा दहापट उठतात-बसतात, आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. आई दमली तर विळी बाजूला सारते. मावशींना पुढची चार घरं असतात. 'बसा हो तुम्ही' हे त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नाही, आमच्या घरातही नाही. गेल्या महिन्यात बायकोने त्यांच्यासाठी मोरीजवळ एक स्टूल ठेवलं. त्यावर त्या बादली ठेवतात.

बाबा आता रोज दोन मजले जिन्याने चढतात आणि मग लिफ्ट पकडतात. मधल्या लँडिंगवर थांबतात, धाप लागली की कबूल करत नाहीत, खिडकीतून रस्त्यावरची बस कोणत्या नंबरची आहे ते बघत असल्याचं दाखवतात. दूध तेच आणतात. ॲप मी काढून टाकलंय. बायकोच्या तोंडून अजूनही 'बसा' निघतं, मग ती जीभ चावते.

परवा आम्ही दोघं दादरला निघालो होतो. बसमध्ये गर्दी. ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवरचा कॉलेजचा पोरगा बाबांना पाहून चटकन उठला. "बसा ना, आजोबा."

"बस रे तू. मला पुढच्याच स्टॉपला उतरायचंय," बाबा म्हणाले. दादर अजून सात स्टॉप लांब होतं.

ते मधल्या जागेत पाय फाकवून, पाठ सीटच्या कडेला टेकवून उभे राहिले, दोन्ही हात मोकळे. ड्रायव्हरने वळणावर ब्रेक मारला तेव्हा आख्खी बस पुढे झुकली. बाबा तिथेच होते. नऊ-नऊ तास खुर्चीत बसून पगार घेणारा मी, दोन्ही हातांनी दांडा धरून त्यांच्या अंगावर आदळलो.

"मागच्या दोघींची तिकिटं राहिलीत," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "त्याचं लक्षच नाही."