जुलूसची तारीख बदलली, आता आवाजाचं काय?

२०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ आणि २०२५ मध्येही तो विसर्जनानंतर निघाला. या समंजसपणाचं सगळीकडे कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. तारखेचा प्रश्न आपण सोडवला. आवाजाचा प्रश्न मात्र तसाच आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुलूसमधल्या डीजेविरोधातली याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली, तेव्हा न्यायालयाची भूमिका सरळ होती : डीजे गणेशोत्सवात अपायकारक असेल, तर तो ईदच्या जुलूसमध्येही अपायकारकच. कान कुणाचेही असोत, त्रास सारखाच होतो. ‘त्यांच्याकडे वाजतो, मग आपल्यालाच का बोलता?’ हा सवाल मोहल्ल्यात नेहमी ऐकू येतो. पण दुसऱ्याने नियम मोडला म्हणून आपल्या गल्लीतल्या आजारी माणसाची झोप परत येत नाही.

आमची काळजी मात्र नियमापुरती नाही. डीजे आला तेव्हा त्याने जागा कुणाची घेतली, हे पाहायला हवं. एका कव्वाली पार्टीत मुख्य कव्वाल, हार्मोनियमवाला, ढोलक-तबलावाला आणि टाळ्यांवर साथ देणारे असतात. आठ-दहा घरांची चूल त्यावर पेटते. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोराला यातलं काहीच शिकायला मिळत नाही. वाद्य चालतं की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. पण नात, दफ, मुशायरा यांवर तर बहुतेकांचं एकमत होऊ शकतं. मग वर्गणीतला मोठा वाटा स्पीकरच्या भाड्यात का जावा?

कायदाही समजून घेऊ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. खरी अडचण इथेच आहे. आपली महफिल इशानंतर सुरू होते आणि रंगात येते तेव्हा दहा वाजलेले असतात. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत दहानंतरही कार्यक्रम करता येतो, फक्त आवाज आतच राहायला हवा. पण किती मोहल्ल्यांत असं सभागृह आहे? नगरसेवकाकडे आपण गटार मागतो, रस्ता मागतो. सभागृह कधी मागितलं?

मागण्यासारखा वारसा आपल्याकडे नक्कीच आहे. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर तिथल्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारातच त्यांचा दफनविधी झाला. उर्सच्या वेळी तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. ऐकायला सगळ्या समाजाचे लोक बसतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाईंचे शिष्य भीमसेन जोशी. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव याच धाग्यातून उभा राहिला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. ही वाद्यं घडवणारे बरेचसे कारागीर मुस्लिम कुटुंबांतले आहेत.

आम्ही शिक्षक शाळेत रोज पाहतो. बैतबाजीत शेर तोंडपाठ म्हणणारी, गोड गळ्याने नात पढणारी मुलं-मुली प्रत्येक वर्गात आहेत. पण गॅदरिंग संपलं की त्यांना मंच नसतो. मुलींना तर जुलूसमध्येही नसतो.

म्हणून कमिट्यांना आमचं सांगणं साधं आहे. यंदाच्या बजेटमध्ये डीजेचा खर्च काढून टाका. त्या पैशातून एक स्थानिक कव्वाली पार्टी किंवा मुशायरा ठेवा. असरनंतर सुरू करा, नमाजसाठी थांबा आणि दहाच्या आत आटोपा. सुट्टीच्या दिवशी शादीखाना किंवा शाळेचा हॉल मागा. पहिला अर्धा तास मोहल्ल्यातल्या मुलांना द्या आणि शेजारच्या गणेश मंडळालाही दावत द्या. त्यांच्याकडेही ढोलकी-हलगीवाले डीजेमुळे रिकामे बसले आहेत. त्यांचं दुखणं आपल्यापेक्षा वेगळं नाही.