कॅमेऱ्यास जीभ नाहीं

मुलांच्या रक्षणाकरितां शासनानें नवा नियम केला कीं, प्रथम चर्चा यंत्राची होते. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत बदलापूरच्या एका शाळेंत लहानग्या बालिकांवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें, आणि २१ ऑगस्टला महाराष्ट्र शासनानें शालेय सुरक्षिततेचा निर्णय काढला. खासगी शाळांनीं महिन्याच्या आंत सीसीटीव्ही कॅमेरे बसवावे, मुख्याध्यापकानें त्यांतलें चित्रण आठवड्यांतून निदान तीनदां पाहावें, नोकर नेमण्यापूर्वीं पोलिसांकडून त्याच्या चारित्र्याची पडताळणी करवावी, या गोष्टी वाचकांच्या स्मरणांत असतील. कॅमेरे बसावे हें योग्यच.

संस्कृतांत 'साक्षी' म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. परंतु पाहून जो मूक राहतो, त्याचा न्यायासनास उपयोग काय? बदलापूर प्रकरणांत शाळेच्या चालकांवर जो गुन्हा नोंदला गेला, तो प्रकार कळूनही पोलिसांस न कळविल्याचा होता. हें बंधन २०२४ चें नव्हे. 'पॉक्सो' या नांवानें ओळखला जाणारा केंद्राचा बालसंरक्षणाचा कायदा २०१२ चा आहे. त्याच्या १९ व्या कलमान्वयें, मुलावर लैंगिक अपराध झाल्याचें ज्यास कळलें, किंवा तो घडेल अशी ज्यास शंका आली, त्या प्रत्येकानें पोलिसांस कळविलें पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखानें हाताखालच्या माणसाचा अपराध दडविल्यास एक वर्षापर्यंत.

'प्रत्येकानें' या शब्दाचा आमच्या घरांतून पुरेसा विचार झालेला नाहीं. त्यांत आजोबा आले, काका आले, आणि माजघरांत प्रथम जिच्या कानीं ती गोष्ट पडते ती काकूही आली. आमच्या इंझोरीस मूल कोणाचें, कोणत्या वाटेनें घरीं गेलें, हें पारावरच्या चार माणसांस ठाऊक असतें, म्हणून गांव निर्धास्त असतो. पण अशा गुन्ह्यांतला आरोपी बहुधा मुलाच्या ओळखीचाच निघतो, असें राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत. आणि ओळखीचा म्हणूनच घरांत ठराव होतो कीं, झालें तें झालें, मुलीच्या नांवाची चर्चा नको. (शिक्षकांच्या खोलींत हाच ठराव 'शाळेच्या नांवा'साठीं होतो.)

अब्रूची ही भीति कायदा करणारांच्या ध्यानांत होती. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणीं घ्यावयाचा. शक्यतों स्त्री-अधिकाऱ्यानें, उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या नव्हे, आणि गणवेष न घालतां. मुलास रात्रीं पोलीस ठाण्यांत ठेवतां येत नाहीं. त्याचें नांव, पत्ता, शाळा यांस वर्तमानपत्रांतून प्रसिद्धि देणें हाच स्वतंत्र अपराध आहे. सद्भावनेनें माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाहीं. ठाण्याची पायरी चढवत नसेल, तर १०९८ हा बालकांसाठींचा दूरध्वनि अहोरात्र चालू असतो. मुलासही तो स्वतः लावतां येतो. पाढ्यांबरोबर तेवढे चार अंक पाठ करून घ्यावे.