वाळू विकली की पाणी विकलं?



आम्ही गावातले सहा जण दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात आंबा-काजूची लागवड बघायला गेलतो. येताना केळशीला मुक्काम केला. तिथं भारजा नदी समुद्राला मिळते, त्या तोंडावर वाळूची टेकडी आहे. साधी नाही, पाच-सहा मजली इमारतीएवढी!

चढताना पाय पोटरीपर्यंत रुततात. कापलेल्या बाजूला आतले थर दिसतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी हिचा अभ्यास केला. 1524 च्या सुमारास आलेल्या त्सुनामीनं ही वाळू आणून टाकली असं त्यांचं मत. त्याच साली दाभोळजवळ वास्को द गामाच्या जहाजांना समुद्रात भूकंपाचे हादरे बसल्याची नोंद आहे. काही अभ्यासक मात्र ही वाऱ्यानं साचलेली टेकडी मानतात. तो वाद त्यांचा. मला वेगळंच दिसलं.

समुद्र हाकेवर, तरी किनाऱ्यालगतच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड! घरमालक काकांना विचारलं, तर म्हणाले, "वाळू आहे म्हणून पाणी आहे." खरंच आहे. पाऊस वाळूत मुरतो आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलका म्हणून त्याच्या वर तरंगतो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 फूट वर राहिली, तर खाली साधारण 40 फूट गोड पाणी टिकतं. वाळू उपसली की पातळी उतरते, मग खारं पाणी वर येतं.

तिथं उभा राहिलो आणि आपली प्रवरा आठवली.

आता कबूल करतो. बारा वर्षांपूर्वी मीबी माझा ट्रॅक्टर वाळूला लावला होता. दोन उन्हाळे. पैसा बरा मिळाला, ट्रॅक्टरचे हप्ते फिटले. तेव्हा नदीकाठच्या माझ्या विहिरीवर मे महिन्यात मोटार चार तास चालायची. आता पाऊण तासात फुटबॉल उघडा पडतो. नदीत खडक दिसतोय. आवर्तन सुटलं की पाणी त्या खडकावरून सरळ प्रवरासंगमाला निघून जातं, मुरायला थांबतच नाही.

जरा हिशोब करा. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट वाळू. तिच्यातून पाव हिस्सा पाणी विहिरीला मिळतं असं धरलं, तरी 700 लिटर झालं. तेही एकदाच नाही, नदी वाहील तेव्हा दरवेळी भरणार. वर उन्हात त्याची वाफ फारशी होत नाही. 2023 च्या धोरणात सरकारनं ब्रासला 600 रुपये भाव ठरवला. म्हणजे बिनखर्चाची, आपोआप भरणारी टाकी आपण 600 रुपयांना दिली! आणि आता ठिबक, शेततळं, बोअर यावर लाखो घालतोय.

कोणी म्हणेल, वाळू परत येईल की. कुठून येणार राव? वर भंडारदरा आहे, निळवंडे आहे. धरणं नुसतं पाणी नाही अडवत, वाळूपण अडवतात. शेकडो वर्षांत साचलेलं आपण दहा-पंधरा वर्षांत संपवलं.

घरं बांधायची नाहीत का? बांधा की. क्रश सँड आहे, माझ्या पोराचं घर तिच्यावरच उभं राहिलं. माझं म्हणणं एवढंच, की काठच्या विहिरी, गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आणि के.टी. बंधारा यांच्या आसपासची उरलेली वाळू कोणत्याही भावानं द्यायची नाही. ग्रामसभेत तसा ठराव घ्या, आणि ठरावानंतर रात्रीच्या गाड्यांकडे डोळेझाक करू नका. गाडी बऱ्याचदा आपल्याच भावकीची असते, खरी अडचण तीच आहे.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मीच मांडणार आहे. लोक म्हणतील, आधी स्वतः विकली आणि आता शहाणपण शिकवतो. म्हणू द्या. खरंच आहे ते.

तुमच्या नदीत वाळू किती उरलीय आणि विहीर मेमध्ये किती तास चालते, दोन्ही आकडे खाली लिहा.