बरणीतला हंसराज

काचेच्या बंद भांड्यात लावलेली रोपे हल्ली दुकानांतून भारी किमतीला विकली जातात. टेरारियम म्हणतात त्याला. श्रीमंतांची हौस म्हणून आपण पुढे चालू लागतो. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरात नळाला काही काही दिवसांनी पाणी येते. तेव्हा महिनोन् महिने पाणी न मागणारे झाड खरे कोणाच्या उपयोगाचे, हे वाचकांनीच सांगावे.

याचा शोध लागला तोही लंडनच्या धुरकट पूर्व भागात. डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना नेचे लावण्याची आवड, पण कोळशाच्या धुराने ते मरत. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटलीला झाकण लावले. पतंग राहिला बाजूला, मातीतून नेचे उगवले! जवळजवळ चार वर्षे ते पाण्याशिवाय जगले. मातीतली वाफ काचेला लागते, थेंब होऊन पुन्हा मातीत उतरते. पुढे चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयात आली, ती अशाच काचपेट्यांतून.

आता लावायचे कोणते? आंबोलीच्या धुक्यातल्या रानात झाडांच्या सालीवर अगदी पातळ पानांची नेची असतात; काहींचे पान तर एकाच पेशीच्या जाडीचे. तेथे वर्षाला ७००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे ७०० च्या आसपास. मे महिन्यात पत्र्याच्या घरात बंद बरणी तापली की त्यांचे शिजून पोतेरे होईल. ती रानातून उपटून आणूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा आपला हंसराज बरा. काळा चकचकीत देठ, नाजूक हिरवी पाने. जुन्या विहिरींच्या ओल्या दगडांत वाढतो. आपल्या आज्यांनी तो लांबूनच पाहिला असेल, विहिरीवर चढण्याची मुभा होती कुठे! लेण्यांच्या कपारीत दिसला तर मात्र हात लावू नये, त्या जागा संरक्षित आहेत.

रोप उपटायचे नाही, एक पान पुरे. पानाच्या दुमडलेल्या कडेखाली तपकिरी ठिपके असतात. असे पान दोन दिवस कोऱ्या कागदात घडी घालून ठेवावे. कागदावर बारीक भुकटी पडते. हेच बीजाणू. नेच्याला ना फूल, ना बी, हे मुलांना शाळेत पाठ करावे लागते. येथे डोळ्यांनी दिसेल. विटेच्या तुकड्यावर उकळते पाणी ओतावे म्हणजे बुरशीचा त्रास कमी होतो. वीट थंड झाल्यावर भुकटी तिच्यावर झटकावी. लोणच्याच्या स्वच्छ काचेच्या बरणीत बोटभर उकळून गार केलेले पाणी घेऊन वीट उभी ठेवावी, झाकण लावावे.

महिनाभरात विटेवर हिरवट थर येतो. शेवाळ समजून तो खरवडू नये. त्यातूनच नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराच्या चकत्या होतात. त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर असल्याशिवाय फलन होत नाही, म्हणून या काळात बरणी कोरडी पडू देऊ नये. पहिले खरे पान यायला आणखी दोन-तीन महिने लागतात. जून-जुलैत सुरुवात केलेली बरी, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत रोप सावरते.

बरणी उजेडात ठेवावी, उन्हात कधीही नाही. पत्र्याच्या घरात ती माठाशेजारी जमिनीवर ठेवावी; तेवढीच जागा थंड असते. काच दिवसभर धुरकट दिसू लागली तर तासभर झाकण काढावे.