उपवर मोटार

वाचकहो, जुनी मोटार विकणं म्हणजे स्थळ दाखवणं. फोटो चांगल्या उजेडात काढायचा, वय हळूच सांगायचं आणि पूर्वीच्या घरचा विषय निघाला की चहा पुढे करायचा. आमची मोटार जपानातून इंग्लंडात आलेली आणि आम्ही दादरहून. तेव्हा दोघांचीही कागदपत्रं इथे उलटसुलट तपासली गेलेली.

माझदाने ही दोघांपुरती, उघड्या टपाची गाडी १९८९ साली काढली. जपानात तिचं नाव युनोस रोडस्टर, इथे एमएक्स-५. आमची १९९० सालची, १६०० सी.सी.ची. जपानातही रहदारी डावीकडूनच, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. तिथली मुलगी इथे सुखाने नांदते. सासरच्या रीती मात्र शिकवाव्या लागतात. वेगाचा काटा मैलांत आणायचा, मागे धुक्यासाठी तांबडा दिवा बसवायचा. रेडिओ तेवढा अजून माहेरचा. त्याची एफ.एम.ची पट्टी ७६ ला सुरू होऊन ९० ला संपते आणि इथली बहुतेक केंद्रं त्यापुढे, १०८ पर्यंत. त्यामुळे गाडीत सदैव आमच्या सौभाग्यवतींचंच केंद्र लागलेलं असतं.

दागिने म्हणाल तर आखूड स्प्रिंगा, निराळी चाकं आणि घुमणारा सायलेन्सर. इंजिनाला हात लावलेला नाही. पाहायला आलेला मुलगा बावीस वर्षांचा. पुढचे दिवे पापण्यांसारखे उघडले, तसे त्याचेही डोळे उघडले. बाकी काही न विचारता त्याने थेट किंमत विचारली.

आमचे एक स्नेही कानाशी लागले, "विचारलं नाही ना? मग सांगू नका."

कायदाही जवळजवळ हेच म्हणतो. खाजगी विक्रेत्याने खोटं बोलू नये; न विचारलेलं सगळं सांगायची सक्ती नाही. पण इथल्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे विमा कंपनीच्या प्रश्नांना ग्राहकाने काळजीपूर्वक खरी उत्तरं द्यायची असतात. ती विचारणार, "गाडीत काही फेरबदल?" हा बिचारा "नाही" म्हणणार. ही गाडी मागच्या चाकांच्या जोरावर धावते. उद्या ओल्या रस्त्यावर ती घसरली, तर त्याची भरपाई आमच्या मौनात अडकायची.

मी यादी लिहून दिली. माळ्यावर जपून ठेवलेल्या मूळच्या स्प्रिंगा आणि सायलेन्सरही पुढ्यात मांडला. तो विमा कंपनीला फोन करायला बाहेर गेला आणि चेहरा पाडून परत आला. हप्ता वाढला होता.

"दोनशे पौंड कमी कराल का?"

स्नेह्यांनी कपाळाला हात लावला. सौभाग्यवती म्हणाल्या, "करा कमी. त्याच्या आईवर कधी आपलं नाव काढायची वेळ येऊ नये."

तेव्हा वाचकहो, गाडी विकाल तेव्हा बिलांबरोबर फेरबदलांची यादीही द्या, आणि काढलेले मूळ भाग भंगारात घालू नका. रेडिओची गोष्टही मी त्या मुलाला सांगितली. तो नुसताच हसला. त्याचं अजून लग्न व्हायचं आहे.