अहवालातील दोन अक्षरे

स्तनातील गाठीचा तुकडा तपासणीस गेला की काही दिवसांनी हाती येणाऱ्या अहवालात, कर्करोगाच्या निदानाखाली, बहुधा तीन ओळी असतात : ईआर, पीआर आणि हर-२. त्यांतील पहिल्या ओळीपुढे 'पॉझिटिव्ह' हा शब्द दिसला की घरच्या मंडळींचा उरलासुरला धीर खचतो. निरनिराळ्या तपासण्यांनी 'पॉझिटिव्ह' म्हणजे वाईट, हे आपल्या मनावर पक्के बिंबवले आहे. येथे मात्र तोच शब्द उपचाराची एक वाट मोकळी असल्याचे सांगतो. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. रिसेप्टरला मराठीत ग्राही म्हणतात. रक्तातून वाहत आलेल्या संप्रेरकाला पकडून त्याचा निरोप पेशीच्या कारभारापर्यंत पोचवणारे ते प्रथिन होय. या दोन अक्षरांमागे एल्वुड जेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचे जवळजवळ सारे आयुष्य आहे.

जेन्सन यांच्या आधीची स्थिती ठाऊक असल्याखेरीज त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले की, स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रीचे बीजांडकोश काढून टाकले तर काही वेळा गाठी आक्रसतात. पुढे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीही काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, कारण शरीरातील इस्ट्रोजेनचा दुसरा झरा तेथून निघतो. ही शस्त्रक्रिया लहानसहान नव्हे. ती झाल्यावर रुग्णाला जन्मभर कॉर्टिसोनवर जगावे लागे. एवढे सोसूनही गुण येई तो साधारण तीनपैकी एकीला. उरलेल्या दोघींच्या वाट्याला शस्त्रक्रियेच्या यातना तेवढ्या येत. रोग मागे हटत नसे, आणि हाती असलेले थोडे दिवसही रुग्णालयात जात. ती एक कोणती आणि त्या दोघी कोणत्या, हे आधी सांगण्याचा कोणताही मार्ग वैद्यकाजवळ नव्हता.

जेन्सन यांचा जन्म १९२० सालचा, अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो गावचा. शिकागो विद्यापीठात त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. युद्धाचा काळ असल्याने विषारी वायूंशी संबंधित संशोधनात त्यांची काही वर्षे गेली. युद्ध संपल्यावर शिष्यवृत्ती घेऊन ते झुरिचला गेले व तेथे स्टेरॉइड वर्गातील रसायनांची त्यांना गोडी लागली. याच मुक्कामात, गिर्यारोहणाचा काडीचा अनुभव नसताना, त्यांनी मॅटरहॉर्न शिखर सर केले. एडवर्ड व्हिम्पर यांना १८६५ मध्ये या शिखरावर पहिले यश मिळाले, ते इटलीच्या बाजूचा नेहमीचा मार्ग सोडून स्वित्झर्लंडच्या बाजूचा कडा निवडल्यामुळे. हा दाखला जेन्सन पुढे आपल्या संशोधनाविषयी बोलताना आवर्जून देत. शास्त्रज्ञांच्या अशा दाखल्यांकडे मी एरवी थोड्या संशयानेच पाहतो, पण त्यांच्या बाबतीत तो चपखल बसतो.

१९४७ मध्ये ते शिकागोला परतून हगिन्स यांच्याकडे रुजू झाले. इस्ट्रोजेन गर्भाशयाची वाढ घडवते हे सर्वांना ठाऊक होते, पण कसे? त्या काळचे बहुतेक जाणकार म्हणत की, हे संप्रेरक पेशीतील विकरांच्या रासायनिक क्रियेत भाग घेते, स्वतः बदलते आणि त्या बदलातून परिणाम उपजतो. म्हणून सारे एकच विचारत होते : हे संप्रेरक ऊतींचे काय करते? जेन्सन यांनी प्रश्न उलटा केला. हे संप्रेरक शरीरात जाते कुठे, आणि तेथे त्याचे स्वतःचे काय होते?

प्रश्न सरळ असला तरी उत्तर शोधणे कठीण होते. इस्ट्रोजेन मायक्रोग्रॅमच्याही अंशाएवढ्या मात्रेत काम करते. इतका लहान अंश शरीरात शोधायचा तर त्याला खूण बांधणे आवश्यक होते, आणि तीही पुरेशी ठळक. जेन्सन व त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ जो ट्रिटियम, तो इस्ट्रोजेनच्या रेणूत बसवला. त्यासाठी लागणारे उपकरणही त्यांना स्वतःच उभारावे लागले. मग वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना हे खूण बांधलेले संप्रेरक अल्प मात्रेत टोचले. रक्त, स्नायू, यकृत या साऱ्यांत ते शिरले आणि पाहता पाहता ओसरले. गर्भाशय व योनी यांनी मात्र ते तासन् तास धरून ठेवले. आणि धरून ठेवलेला रेणू तपासला तर त्यात कसलाही रासायनिक बदल झालेला नव्हता. याचा अर्थ, त्या ऊतींत या रेणूला पकडणारे काहीतरी होते, जे स्नायूत नव्हते. तेच ग्राही.

१९५८ मध्ये व्हिएन्ना येथील जीवरसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हे मांडले. त्यांच्याच आठवणीप्रमाणे, श्रोते पाच होते आणि त्यांतले तिघे त्याच सत्रातील इतर वक्ते. विकरांच्या सिद्धान्तावरील चर्चेला त्याच वेळी हजाराहून अधिक लोक जमले होते. दहाएक वर्षांत चित्र पालटले. ग्राही हे प्रथिन असल्याचे सिद्ध झाले, आणि संप्रेरकाला पकडल्यावर ते पेशीकेंद्रकात जनुकांना जागे करते, हेही कळले.

यानंतर जेन्सन यांनी केलेली गोष्ट मला शोधाइतकीच मोलाची वाटते. गाठीच्या पेशीत ग्राही असेल तरच ती इस्ट्रोजेनवर पोसली जात असेल. मग अधिवृक्क काढण्यापूर्वी गाठीतच ग्राही आहे की नाही हे का पाहू नये? शल्यचिकित्सकांना बरोबर घेऊन त्यांनी ते पाहिले. १९७१ साली त्यांनी निष्कर्ष मांडला : ज्यांच्या गाठीत ग्राही विपुल, त्यांच्यापैकी अनेकींना संप्रेरक रोखल्याने गुण येतो, ज्यांच्या गाठीत ते नाही वा नगण्य आहे, त्यांना क्वचितच. त्या 'दोघी' अखेर आधीच ओळखता आल्या. निष्फळ शस्त्रक्रियेतून त्यांची सुटका झाली आणि त्यांना वेळ न दवडता दुसरे औषध देता येऊ लागले.

पुढे जेफ्री ग्रीन यांच्यासह त्यांनी या ग्राहीला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे तयार केली. त्यामुळे गाठीच्या पातळ कापावर रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली ग्राही मोजता येऊ लागले. आपल्या अहवालातील टक्केवारी येते ती या पद्धतीतून. गंमत अशी की, ग्राही आधी केंद्रकाबाहेर असते व संप्रेरक मिळाल्यावर आत शिरते, हे जेन्सन यांचेच मत होते. ते बहुतांशी आधीपासून केंद्रकातच असते, हे याच प्रतिपिंडांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. २००४ मध्ये पिएर शांबाँ व रोनाल्ड एव्हन्स यांच्यासह त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मिळाले नाही, आणि ते खटकते. २०१२ च्या डिसेंबरात, ९२ व्या वर्षी, सिनसिनाटी येथे ते निवर्तले.

आता आपल्या हातातील अहवालाकडे वळू. गाठीतील शंभरांपैकी एका पेशीचे केंद्रक रंगले तरी अहवाल 'पॉझिटिव्ह' धरतात. मात्र टक्केवारी दहाच्या आत असेल तर गोळ्यांचा उपयोग कितपत होईल, हे डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून घ्यावे. ग्राही असेल तर टॅमॉक्सिफेन त्याच जागी जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा उरत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांना बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनॅस्ट्रोझोल देतात. अधिवृक्कातील द्रव्यांपासून इस्ट्रोजेन तयार होण्याची क्रियाच या गोळ्या थांबवतात. ज्यासाठी एकेकाळी पोट उघडून ग्रंथी काढत, ते काम आज रोजची एक गोळी करते.

ही गोळी पाच वर्षे, कधी त्याहून अधिक काळ घ्यायची असते, आणि बऱ्याच जणी ती मध्येच सोडतात. 'आता मला काही होत नाही' हे एक कारण. अंगातून निघणाऱ्या वाफा आणि सांधेदुखी हे दुसरे. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतलेल्या स्त्रियांत पंधरा वर्षांच्या काळातील या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे लक्षात घेता त्रासावर इलाज मागावा, गोळी परस्पर बंद करू नये. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा एक पाय सुजून दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लेट्रोझोलने हाडे विरळ होतात. तेव्हा हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी.

आणखी एक बाब, जिची घरच्यांना सहसा कोणी कल्पना देत नाही. काढलेला तुकडा ताबडतोब पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. तो तसाच राहिला तर ग्राही नष्ट होऊन खोटा 'निगेटिव्ह' अहवाल येऊ शकतो, आणि मग साधी गोळी मिळण्याचा हक्कच हिरावला जातो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया होते आणि ती बाटली पिशवीत घालून नातेवाईकच एसटीने शहरातील प्रयोगशाळेत नेतात. अशा वेळी तुकडा द्रवात पूर्ण बुडाला आहे ना, बाटलीवर काढल्याची वेळ लिहिली आहे ना, एवढे विचारून घ्यावे. प्रयोगशाळेकडे तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा राहतो, ज्याला तेथे 'ब्लॉक' म्हणतात. शंका आली तर त्याच ठोकळ्यावर दुसरीकडे फेरतपासणी करता येते. काही वर्षांनी रोग परतला तर नव्या गाठीचा तुकडाही शक्यतो पुन्हा तपासतात, कारण मधल्या काळात ग्राही नाहीसे झालेले असू शकते. म्हणून पहिला अहवाल आणि ब्लॉकचा क्रमांक घरच्या कागदपत्रांत सांभाळून ठेवावा.